फोर-जी राउटरवर घरचा लँडलाइन: फोन लावणं सोपं, फोन वाजणं अवघड

आम्ही इंग्लंडमध्ये श्रॉपशरमधल्या एका खेड्यात राहतो, वेल्सची हद्द इथून जवळच. घर जुनं, दगडी, भिंती चांगल्या हातभर जाड, त्यामुळे घरात मोबाइलला धड एक काडी येत नाही, आणि फायबर अजून आमच्या रस्त्यापर्यंत पोचलेली नाही. पण वरच्या मजल्यावर पश्चिमेकडच्या खिडकीत फोर-जी छान येतं, म्हणून तिथे सिमवाला राउटर ठेवलाय आणि सगळं घर त्याच्या वायफायवर चालतं. अडचण आली ती सासूबाई सहा महिने राहायला आल्या तेव्हा. आम्ही दोघं कामावर, पोरगी शाळेत, आई घरात एकट्या. त्यांना हवा होता साधा फोन, मोठी बटणं, उचलला की बोलायचं आणि ठेवला की बंद. व्हॉट्सॲपचा हिरवा गोल कुठल्या बाजूला सरकवायचा यात त्यांचे तीन फोन तरी रोज कट व्हायचे.

जुन्या तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन घ्यावा म्हटलं तर तो रस्ता आता बंद झालाय. सप्टेंबर २०२३ पासून ब्रिटनमध्ये जुन्या पद्धतीची नवी फोन लाइन विकणं थांबलंय आणि जे जुनं नेटवर्क उरलंय ते ३१ जानेवारी २०२७ ला बंद व्हायचंय, आधी ही तारीख डिसेंबर २०२५ होती, मग पुढे ढकलली. म्हणजे यापुढे घरचा फोन म्हटला की तो इंटरनेटवरूनच येणार आणि ज्यांच्याकडे वायरचं नेट नाही त्यांना तो मोबाइल राउटरवरच बसवावा लागणार. मी हे स्वतः बसवलं, चुका केल्या, दुरुस्त केल्या, आता वर्ष होत आलं, आई दुसऱ्यांदा येऊन राहिल्यात आणि फोन बिनबोभाट चालू आहे. इथल्या बऱ्याच मराठी घरांत आई-वडील येऊन राहतात म्हणून सगळं नीट लिहून काढते.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून घ्या. या सगळ्या भानगडीत फोन लावता येणं अगदी सोपं असतं, पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही कोल्हापूरला बोलत असाल. अवघड आहे ते आलेला फोन प्रत्येक वेळी वाजणं, पहाटे, दुपारी, नेट तासभर कोणी वापरलेलं नसताना, लाइट जाऊन आल्यावर. पुढचं जे काही सांगतेय त्यातला निम्म्याहून जास्त भाग या वाजण्यासाठीच आहे.

आधी बघा, याची खरंच गरज आहे का

घरातल्या सगळ्यांना मोबाइल नीट वापरता येत असेल आणि फक्त सिग्नलचा प्रश्न असेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, बास. तुमचाच नंबर, जादा खर्च नाही, राउटरच्या वायफायवरून फोन येतो-जातो. आमचे दोघांचे मोबाइल असेच चालतात. घरात म्हातारं माणूस आहे, लहान मूल एकटं असतं, किंवा घराचा म्हणून एक नंबर हवाय जो शाळेला, डॉक्टरला देता येईल, तर पुढे वाचा.

तीन रस्ते आहेत

पहिला, राउटरलाच मागे फोनचं भोक असतं, आरजे-११ म्हणतात ते, साधा फोन तिथे खुपसायचा आणि सिमच्या नंबरवरून बोलायचं. दिसायला सगळ्यात सोपं, पण ब्रिटनमध्ये इथेच बरेच जण फसतात. जुने राउटर नेटसाठी फोर-जी वापरतात पण फोन आला की थ्री-जीवर उतरतात. इथलं थ्री-जी आता गेलं, ईई आणि व्होडाफोन या मोबाइल कंपन्यांनी २०२४ च्या सुरुवातीलाच बंद केलं, मग थ्री नावाच्या कंपनीने, मग ओटूने. टू-जी अजून काही नेटवर्कांवर आहे पण थ्रीकडे ते कधी नव्हतंच. म्हणजे राउटरला व्होल्टे, म्हणजे फोर-जीवरूनच बोलणं, येत असलं पाहिजे, आणि नुसतं येत असून भागत नाही, तुमच्या नेटवर्कने त्या मॉडेलला व्होल्टे दिलेलं असलं पाहिजे, आणि सिम नुसतं डेटाचं असेल तर त्यावर बोलण्याची सोयच नसते. सेकंडहँड राउटर स्वस्तात मिळतोय आणि मागे फोनचं भोक दिसतंय म्हणून घेऊ नका, आधी नेटवर्कला विचारा. काही राउटरांत त्या भोकाला सिमऐवजी सिपचं, म्हणजे इंटरनेटवरून फोन करायच्या पद्धतीचं, खातंही जोडता येतं, तसं असेल तर तो पुढच्या रस्त्याचाच प्रकार झाला.

दुसरा रस्ता मी घेतला. इंटरनेट फोनच्या कंपनीकडून एक नंबर घ्यायचा, एक छोटी अडॅप्टरची डबी घ्यायची, तिला लोक एटीए म्हणतात, तिच्या एका बाजूला राउटरची केबल आणि दुसऱ्या बाजूला साधा फोन. नंबर सिमवर अवलंबून नाही, उद्या नेटवर्क बदललं, घर बदललं, फायबर आली, तरी डबी उचलायची आणि नव्या राउटरला लावायची.

तिसरा म्हणजे जुन्या मोबाइलवर सिपचं ॲप टाकून तो टेबलावर ठेवून देणं. फुकटात होतं पण मोबाइल बॅटरी वाचवायला ॲपला झोपवतो आणि फोन वाजतच नाही. म्हाताऱ्या माणसासाठी हा रस्ता मी कोणालाच सुचवणार नाही. कॉर्डलेसच हवा असेल तर थेट नेटवर चालणारे डेक्ट आयपी फोन मिळतात, त्यात डबीचं आणि बेसचं काम एकातच होतं, खालच्या सेटिंगा त्यांनाही जवळपास तशाच लागू पडतात.

सिग्नल आधी, बाकी सगळं नंतर

नेटवर व्हिडिओ चालतो म्हणजे फोन चालेल असं नाही. व्हिडिओ पुढचं थोडं आधीच भरून ठेवतो, मध्ये दोन सेकंद अडखळलं तरी तुम्हाला कळत नाही. बोलणं साठवून ठेवता येत नाही. आवाजाचे सेकंदाला ५० तुकडे होऊन जातात, प्रत्येक तुकडा २० मिलिसेकंदांचा, ते तुकडे उशिरा किंवा मागेपुढे पोचले की आवाज यंत्रासारखा तुटक येतो. एका बाजूने दुसऱ्या बाजूला आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागला तर बोलणं सहज वाटतं, त्याच्या फार वर गेलं की दोघंही एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

तर राउटरच्या पानावर जा, हुवावेच्या बहुतेक फोर-जी राउटरांना १९२.१६८.८.१, टीपी-लिंकला १९२.१६८.१.१, नाहीतर राउटरखालच्या स्टिकरवर पत्ता असतो. तिथे सिग्नलच्या माहितीत आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, आणि एसआयएनआर असे दोन आकडे शोधा. काड्यांकडे बघू नका, काड्या फसव्या. आरएसआरपी उणे ९५ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून बरा असावा, उणे ११० च्या पलीकडे गेला की फोनसाठी भरवसा नाही. पण त्याहून महत्त्वाचा एसआयएनआर, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे ते, तो १० च्या वर असला की मी निश्चिंत असते. आमच्याकडे स्वयंपाकघरात आरएसआरपी उणे ११४ होता आणि वरच्या खिडकीत उणे ९२, घर तेच, राउटर तोच. म्हणून राउटर हातात घेऊन घरभर फिरा, प्रत्येक खिडकीत दोन मिनिटं थांबा, आकडा लिहून घ्या. एक अख्खा रविवार जाईल पण तो सत्कारणी लागेल.

राउटरमध्ये बँड निवडता येत असेल तर तेही करून बघा. खेड्यांत बऱ्याचदा राउटर आपोआप ८०० मेगाहर्ट्झच्या बँड २० ला चिकटतो कारण तो लांब जातो, भिंतीतून आत येतो, पण सगळं गाव त्याच्यावरच असतं आणि संध्याकाळी सात नंतर तो गुदमरतो. १८०० चा बँड ३ जेमतेम जरी मिळत असला तरी कधीकधी बोलायला तो बरा पडतो. दोन्ही लावून सकाळी आणि रात्री आठला तपासा. बाहेरचा अँटेना लावायचा असेल तर राउटरला एसएमएची भोकं आहेत ना ते पाहून मगच घ्या, आणि केबल होईल तेवढी आखूड ठेवा कारण लांब केबलमध्ये कमावलेलं सगळं गळून जातं.

आता पिंग, म्हणजे नेटवर हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. कॉम्प्युटरवरून ८.८.८.८ ला शंभर पिंग मारा, एकदा घर शांत असताना आणि एकदा कोणीतरी फोटो अपलोड करत असताना. पहिल्यात ३० ते ६० मिलिसेकंद, एकही न हरवलेलं, असं आलं की झालं. दुसऱ्यात ते ५००-६०० वर गेलं तर घोडं कुठे अडणार ते आत्ताच कळलं. अपलोडने वाट अडवली की तुमचा आवाज रांगेत मागे उभा राहतो. त्यासाठी राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कोणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवायची सोय, असेल तर डबीला पहिला मान द्या, नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री दोनला चालेल असं लावून ठेवा. आमच्या राउटरला क्यूओएस नाही, फक्त बॅकअपची वेळ बदलली आणि तक्रार संपली.

डेटा किती जातो याची काळजी करू नका. चांगल्या आवाजाचा जी.७११ कोडेक (आवाजाचे आकडे करून पाठवायची पद्धत) घेतला तर दोन्ही बाजू मिळून तासाला साधारण ७२ एमबी, म्हणजे रोज तासभर बोलून महिन्याला दोन जीबीच्या थोडं वर. जी.७२९ घेतला तर तासाला २२ एमबीच्या आसपास, आवाज थोडा चेपलेला येतो पण सिग्नल अगदीच बेताचा असेल तर तो तग धरतो. सिमच्या अटींमध्ये राउटरमध्ये वापरायला आणि इंटरनेट फोनला मनाई नाही ना, तेवढं मात्र वाचा.

नंबर घेताना

ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहकाला सिपचा नंबर देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, अँड्र्यूज अँड अर्नोल्ड, व्हॉइपफोन वगैरे. भाव बघण्याआधी चार गोष्टी विचारा: ९९९ आणि ११२ हे तातडीचे नंबर लागतात का आणि पत्ता कुठे नोंदवायचा, आवाज तपासायला इको टेस्टचा नंबर आहे का, टीएलएस, म्हणजे सिपचे निरोप कुलूपबंद पाठवायची सोय, चालते का, आणि परदेशी कॉल देशानुसार बंद करता येतात का. या चारही गोष्टींची सरळ उत्तरं देणारी कंपनी निवडा, महिन्याला एखादा पाउंड जास्त गेला तरी चालेल.

नंबर ०१ किंवा ०२ ने सुरू होणारा, आपल्या भागाचाच घ्या. आमच्याकडे लडलो गावाच्या बाजूला ०१५८४ असतो, तसला नंबर दिसला की इथले लोक फोन उचलतात. ०५६ ने सुरू होणारे खास इंटरनेट फोनचे नंबर असतात ते घेऊ नका, लोकांना ओळखीचे नाहीत आणि सगळीकडून लागतीलच असं नाही.

तुमच्याकडे जुना लँडलाइन नंबर आहे आणि तोच ठेवायचाय तर जुनी लाइन आधी तोडू नका!! लाइन तुटली की नंबर हातचा जातो. नव्या कंपनीला पोर्ट करायला सांगा, नंबर तिकडे गेला की जुनी लाइन आपोआप बंद होते, आणि त्या लाइनवर ब्रॉडबँड असेल तर तेही सोबत जातं, म्हणून आधी फोर-जी राउटर महिनाभर चालवून खात्री करून घ्या.

डबी, फोन आणि तो एक फसवा प्लग

मी घेतली ती ग्रँडस्ट्रीमची एचटी८०१, एका फोनची. दोन नंबर दोन फोनवर हवे असतील तर एचटी८०२. फोन मात्र वायरचा घ्या, कॉर्डलेस नको, किंवा कॉर्डलेससोबत एक वायरचा ठेवा, कारण कॉर्डलेसच्या बेसला वेगळी वीज लागते.

आता प्लग. डबीचं भोक आरजे-११, आणि ब्रिटिश फोनचा प्लग वेगळा, चपटा, बाजूला चाप असलेला. मध्ये बदलीचा प्लग लागतो आणि तो दोन प्रकारचा मिळतो. स्वस्तातल्यात नुसत्या तारा असतात, दुसऱ्यात घंटेसाठी कपॅसिटर असतो. बऱ्याच जुन्या ब्रिटिश फोनांना घंटा वाजवायला तिसरी तार लागते आणि ती त्या कपॅसिटरमधूनच मिळते. मी पहिल्यांदा बिनकपॅसिटरचा घेतला, फोन लागायचा, आवाज सुंदर, पण घंटा नाही, मी दोन संध्याकाळी डबीच्या सेटिंगा उलट्यापालट्या करत बसले आणि दोष त्या प्लगमध्ये होता. घेताना कपॅसिटर किंवा रिंगिंग असं लिहिलेलाच घ्या.

राउटरमध्ये दोनच कामं

एक, सिप एएलजी नावाची सेटिंग बंद करा. ती फोनला मदत करायला म्हणून असते पण बहुतेक घरगुती राउटरांत ती सिपचे निरोप मध्येच बदलून ठेवते आणि मग एका बाजूचा आवाज गायब होतो. सिक्युरिटी, नॅट किंवा फायरवॉलच्या पानात सापडते.

दोन, डबीला राउटरमधून कायमचा एकच आतला पत्ता बांधून द्या, डीएचसीपी रिझर्व्हेशन, म्हणजे नंतर सेटिंग बघायला ती शोधत बसावी लागत नाही.

पोर्ट फॉरवर्डिंग करा असा सल्ला जुन्या लेखांतून सगळीकडे दिसतो. मोबाइल नेटवर ते करू नका, उपयोगच नाही. राउटरचा बाहेरचा पत्ता बघा, तो १०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल तर तुम्ही आणि आणखी शेकडो घरं एकाच मोठ्या दारामागे आहात, सीजीनॅट म्हणतात त्याला, आणि ते दार मोबाइल कंपनीच्या ताब्यात. बाहेरून आत कोणी स्वतःहून येऊ शकत नाही. मग आलेला फोन आत कसा येतो? डबी आतून बाहेर कंपनीला जाऊन सांगते की मी इथे आहे, आणि ती जाताना दार जेवढा वेळ उघडं राहतं तेवढ्या वेळात फोन आत येऊ शकतो. मोबाइल नेटवर्क हे दार पटकन लावून घेतं, कधी अर्ध्या मिनिटात. या एका गोष्टीवर फोन वाजतो की नाही ते ठरतं.

डबीच्या सेटिंगा

डबी राउटरला जोडा, फोन डबीला, वीज द्या, दोन मिनिटं थांबा. फोन उचलून तीनदा स्टार दाबा, मग ०२, डबी तिचा पत्ता इंग्रजीत वाचून दाखवते. तो ब्राउझरमध्ये टाका. पासवर्ड डबीच्या खालच्या स्टिकरवर असतो, जुन्या मालात तो नुसता ॲडमिन असायचा, कसाही असला तरी पहिलं काम तो बदलणं.

मग एफएक्सएस पोर्टच्या, म्हणजे फोन लावायच्या भोकाच्या, पानावर जायचं. कंपनीने दिलेला सिप सर्व्हर, युजर आयडी, ऑथेंटिकेट आयडी, पासवर्ड भरा. युजर आयडी आणि ऑथेंटिकेट आयडी बहुतेक ठिकाणी एकच असतात, पण सगळीकडे नाही, कंपनीचं पान नीट वाचा.

नॅट ट्रॅव्हर्सलला कीप-अलाइव्ह निवडा आणि कीप-अलाइव्हची वेळ २० सेकंद ठेवा. म्हणजे डबी दर २० सेकंदांनी दारात पाय अडकवून उभी. रजिस्टर एक्स्पायरेशन, म्हणजे डबीची कंपनीकडची नोंद किती वेळ टिकते ते, मुळात ६० मिनिटं असतं, मी १० केलंय, कारण रात्री राउटर कधीतरी स्वतःच तुटून परत जोडला जातो, पत्ता बदलतो, आणि तासभर कोणालाच पत्ता नाही असं व्हायला नको. अगदी एक मिनिट करू नका, काही कंपन्या एवढ्या वारंवार येणाऱ्याला रोखतात. टीएलएस मिळत असेल तर ट्रान्सपोर्टला तेच घ्या, दारही जास्त वेळ उघडं राहतं आणि ५०६० पोर्टवर मध्ये कोणी ढवळाढवळ करत असेल तर तीही टळते.

मी सुरुवातीला कीप-अलाइव्ह तसंच सोडलं होतं. फोन लागत होता म्हणून सगळं झालं असं वाटलं. दोन दिवसांनी कळलं की सर्जरीतून, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्यातून, आईंच्या रक्ताच्या रिपोर्टसाठी दोनदा फोन येऊन गेला होता. आई दिवसभर फोनच्या शेजारच्या खुर्चीत बसून होत्या आणि म्हणत होत्या, "अगं, वाजलाच नाही गं." त्या दिवसापासून मी कोणाचाही फोन बसवून दिला की बाहेरून तासाभराने फोन करून बघितल्याशिवाय तिथून उठत नाही.

कोडेकमध्ये पहिला पीसीएमए ठेवा, तो जी.७११ चाच प्रकार, युरोपात तोच चालतो, दुसरा जी.७२९. डीटीएमएफला, म्हणजे दाबलेल्या बटणांचे आकडे पलीकडे पाठवायच्या सेटिंगला, आरएफसी२८३३. हे चुकलं की "अपॉइंटमेंटसाठी १ दाबा" वर कितीही १ दाबा, पलीकडे पोचतच नाही, आणि सकाळी आठला सर्जरीला फोन करणाऱ्यांना हे किती महागात पडतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. कॉलर आयडीची पद्धत एसआयएन २२७ बीटी आणि एसएलआयसी यूके करा, नाहीतर फोनच्या पडद्यावर नंबर दिसत नाही आणि बोलताना आपलाच आवाज घुमून परत येतो. नो की एंट्री टाइमआउट ४ सेकंद आहे ते आईंसाठी मी ६ केलं, त्या एकेक आकडा वहीत बघून दाबतात, मध्येच अर्धा नंबर लागायचा.

सेव्ह, अप्लाय, मग रीबूट. स्टेटसच्या पानावर रजिस्टर्ड दिसलं की डबी पोचली.

तपासणी, आणि बिघडलं तर

पहिला फोन कंपनीच्या इको टेस्टला करा, तुमचा आवाज परत ऐकू येतो. मग मोबाइलचं वायफाय बंद करून, बाहेर सिग्नलमध्ये जाऊन, घरच्या नंबरवर फोन करा. मग तासभर कशालाच हात न लावता पुन्हा करा. मग राउटरची वीज काढून परत द्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा करा. मग सकाळी उठल्या उठल्या एकदा. चारही वेळा वाजला तर फोन बसला. ९९९ मात्र तपासायला म्हणून कधीही लावू नका, त्याबद्दल कंपनीकडूनच लेखी विचारून घ्या.

बिघाड ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. तुम्हाला त्यांचं ऐकू येतं आणि त्यांना तुमचं नाही, किंवा उलटं, म्हणजे सिप एएलजी चालू राहिलंय किंवा नॅटची सेटिंग चुकलीय. प्रत्येक फोन बरोबर अर्ध्या मिनिटाच्या थोडं पुढे, ३२ सेकंदांना तुटतो, म्हणजे फोन उचलल्याची पोच पलीकडे पोचत नाहीये, सिपमध्ये तेवढीच वाट बघतात आणि सोडून देतात, तेव्हाही आधी एएलजी बघा मग टीएलएस करून बघा. ठरलेल्या पंधरा किंवा तीस मिनिटांना तुटतो तर सेशन टायमरची सेटिंग. फोन लागतो पण येत नाही, कीप-अलाइव्ह. वाजत नाही पण पडद्यावर नंबर येतो, प्लग. आणि फक्त रात्री आवाज तुटतो, तर सेटिंगांच्या मागे लागू नका, टॉवरवर गर्दी आहे, बँड बदला नाहीतर दुसऱ्या नेटवर्कचं महिन्याचं सिम आणून त्याच खिडकीत लावून बघा.

घरातल्या जुन्या सॉकेटांवर फोन हवा असेल

घरभर आधीच फोनची वायरिंग असते, ती वापरता येते, पण बाहेरून येणारी लाइन आधी सुटी केलीच पाहिजे. मुख्य सॉकेटचं खालचं अर्धं झाकण काढलं की घरातली वायरिंग बाहेरच्या लाइनपासून वेगळी होते. बाहेरच्या लाइनवर एक्स्चेंजचे ५० व्होल्ट असतात, ती आणि डबी एकत्र जोडली तर डबी जळू शकते. ओपनरीचच्या, म्हणजे बाहेरच्या लाइनी सांभाळणाऱ्या कंपनीच्या, बाजूच्या तारांना हात लावू नका, त्या त्यांच्या. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा. आम्ही ही वायरिंग वापरलीच नाही, डबी वर राउटरजवळ आणि फोनची लांब तार जिन्यातून खाली आईंच्या खोलीत आणली.

लाइट गेल्यावर

जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, घरात अंधार असला तरी फोन चालायचा. हा चालत नाही. लाइट गेले की राउटर बंद, डबी बंद, आणि म्हातारं माणूस घरात एकटं. लँडलाइन बदलून देणाऱ्या कंपन्यांनी, ज्यांना घरच्या फोनशिवाय दुसरी सोय नाही अशा गिऱ्हाइकांना, वीज गेल्यावर निदान एक तास तरी तातडीचा फोन करता यावा अशी सोय द्यावी असा ऑफकॉमचा, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाचा, दंडक आहे, पण आपण स्वतः डबी बसवली की ते आपणच बघायचं.

छोटा डीसी यूपीएस घ्या, राउटरला बहुधा १२ व्होल्ट लागतात आणि डबीला ५, दोन्ही देणारे मिळतात. राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून मग घ्या. लावल्यावर मेन स्विच बंद करून घड्याळ लावून बसा, आमचा अडीच तास चालला. पण टॉवरचीही वीज गेलेली असू शकते आणि त्याच्या बॅटरीवर आपला ताबा नाही. म्हणून दुसऱ्या नेटवर्कचं सिम असलेला एक बटणांचा मोबाइल चार्ज करून त्याच खिडकीत ठेवलाय. घरात गळ्यात घालायचं अलार्मचं बटण असेल तर ते या डबीवर चालेल असं धरून चालू नका, त्या सेवेला आधी फोन करून विचारा.

कंपनीच्या खात्यात ९९९ साठी घराचा पत्ता भरा, आणि घर बदललं तर त्याच दिवशी बदला. डबी दुसऱ्या गावी नेली तरी फोन चालतो आणि रुग्णवाहिका मात्र जुन्या पत्त्यावर जाईल.

भारतातले फोन आणि पैशांची चोरी

सिपचं खातं कोणाच्या हाती लागलं तर रात्रीत कुठल्यातरी महागड्या देशांना शेकडो कॉल मारले जातात, हे खरंच घडतं. म्हणून खात्यात आधी भरून ठेवलेले थोडेच पैसे, आपोआप रिचार्ज बंद, आणि परदेशी कॉलमध्ये फक्त भारत चालू. ब्रिटनमधले ०९ आणि ०८७ चे महाग नंबरही बंद केलेत. कोल्हापूरला लावायचं तर ००९१, मग २३१, मग घरचा नंबर. आईंच्या धाकट्या बहिणीला रोज फोन असतो, हिवाळ्यात घड्याळ साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे, ते बदलतं त्या आठवड्यात मावशींना आधी सांगून ठेवावं लागतं.

एक गोष्ट मात्र कोणी करू नका. भारतातल्या घरी अशीच डबी ठेवून ती तिकडच्या लँडलाइनला किंवा सिमला जोडायची आणि इथून स्वस्तात तिकडच्या लोकल लाइनवर उतरायचं, असं सुचवणारे भेटतात. परवान्याशिवाय परदेशी कॉल तिकडच्या लाइनवर उतरवणं हा भारतात गुन्हा आहे आणि पोलीस तिकडच्या घरी येतील, म्हणजे आपल्या म्हाताऱ्या आई-वडिलांच्या दारात.

शेवटचं काम कागदाचं. फोनच्या वरच भिंतीवर मी एक पुठ्ठा लावलाय, ठसठशीत देवनागरीत: ९९९ जीव धोक्यात असेल तर, १११ तब्येतीचं विचारायचं असेल तर, १०५ लाइट गेले तर, आमचे दोघांचे नंबर, शेजारच्या बाईंचा नंबर. खाली घराचं नाव, रस्ता, गाव आणि पोस्टकोड, एकेक अक्षर इंग्रजीत कसं म्हणायचं ते मराठीत लिहून, कारण ९९९ वर पहिल्यांदा कोणती सेवा हवी ते विचारतात आणि लगेच पत्ता. आईंकडून तो पत्ता फोन न लावता दहा वेळा मोठ्यांदा म्हणून घेतला, आता त्या पुठ्ठ्याकडे न बघता सांगतात.